पेर्देबायची काच

नुकुसच्या बाजारात, चाव्या करणाऱ्याच्या पलीकडे,
दीड माणूस मावेल एवढी आमची खोली.
पासपोर्टचे फोटो, कबरीवर लावायचे फोटो,
आणि पाटीवर खाली, बारीक अक्षरात:
लेन्स साफ करून मिळतील.

पहिल्या दिवशी मी सरळ
डोक्याच्या रुमालाचं टोक लावलं काचेला.
पेर्देबायनं मनगट धरलं. ओरडला नाही.
"धूळ नाही पोरी, मीठ आहे हे.
पुसलंस की ओरखडा. आधी फुंक.
आणि तोंडानं नको. थुंकी उडते, मग चिखल."
खणातून त्यानं रबरी फुगा काढला,
औषधांच्या दुकानातला,
तान्ह्या बाळांचं पोट साफ करायचा.
मी हसले.
तो हसला नाही.

फूस. फूस.
भिंग पालथं धरायचं, सुटेल ते खाली पडतं.
मग खारीच्या केसांचा कुंचला,
मग स्पिरिटचा एक थेंब
(दुसरा त्याच्या चहात जायचा),
मग कापूस. मधून कडेकडे, गोल गोल,
हात असा हलका, जणू झोपलेल्याच्या पापणीवर.

वसंतात वारा उत्तरेकडून सुटला की
आभाळ ताकासारखं व्हायचं.
फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या तरी
संध्याकाळी काचांवर पांढरी साय.
"कुठून येतं एवढं?"
"माझ्या गावाहून," तो म्हणाला.
त्याचं गाव मुयनाक. बाप तिथे मासे डब्यांत भरायचा.
पाणी गेलं, तळ राहिला,
आता तळ हिंडायला निघतो.
"आणि पाणी कुठे गेलं?"
त्यानं चिमटीतला कापूस वर धरला.
तेवढंच.
मग बराच वेळ, आधीच स्वच्छ असलेली काच
तो पुसत राहिला.

मी शाळेत असताना तो कापूस वेचलाय.
चार हंगाम. मास्तरांच्या काट्यावर
माझे चाळीस किलो नेहमी अडतीस भरायचे.

लोकांची भिंगं तो लख्ख करून द्यायचा.
स्वतःच्या मोठ्या कॅमेऱ्याला मात्र हात लावू द्यायचा नाही.
त्या काचेवर एक तेलकट डाग होता, अंगठ्याएवढा.
भाच्याच्या लग्नाला तो चार दिवस गावी गेला
आणि मी, त्याला बरं वाटावं म्हणून,
फुगा, कुंचला, स्पिरिट, कापूस.
काच अशी झाली की आहे की नाही कळेना.

तिसऱ्या दिवशी ओराझगुल आपा फोटो घेऊन परत आल्या.
"ही कोण म्हातारी?"
पाठोपाठ दूधवाली. मग निवृत्त पोस्टमास्तर,
त्यांना मानेवरचा मस सापडला होता,
साठ वर्षांत पहिल्यांदा.
पैसे परत मागत होते सगळे.

चौथ्या दिवशी दार उघडून पेर्देबाय उभा राहिला,
भुवयांत मीठ, ओठ फुटलेले, डोळे रात्रभर जागे.
का कोण जाणे, मी बटण दाबलं.
तो आत आला, कॅमेऱ्यात वाकून पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं.
मग नाकाच्या बाजूवरून अंगठा फिरवला
आणि काचेवर शिक्का मारावा तसा टेकवला.
"लोकांना स्वतःला बघायचं नसतं गं," म्हणाला.
"घरी लावण्यासारखं काही हवं असतं."

त्याच्या कबरीसाठी फोटो निवडायची वेळ आली
तेव्हा घरच्यांनी डागामागचे तीन पाठवले, गुळगुळीत.
मी तो चौथा दिला, भुवयांत मीठवाला.
बायको बघत राहिली. म्हणाली, हाच.

चिनी मातीच्या चकतीवर उतरवलाय.
दर वसंतात त्याच्यावरही साय चढते.
मी पालथा करू शकत नाही त्याला,
म्हणून बाजूनं, खालून वर,
फूस. फूस.
शेजारच्या कबरीवर आलेली माणसं
त्या रबरी फुग्याकडे बघतात.
बघू देत.